छायाचित्रणाविषयीच्या काही रूढ समजुती

एखादे छायाचित्र मनात भरले की पाहणाऱ्याच्या तोंडून बहुधा पहिला प्रश्न निघतो तो ‘कॅमेरा कोणता?’ हा, आणि चित्र यंत्र काढते, माणूस केवळ कळ दाबण्यापुरता असतो, ही जी समजूत या प्रश्नाच्या मुळाशी आहे, तिच्यापासूनच या कलेविषयीच्या बहुतेक गैरसमजांची वंशावळ सुरू होते. विक्रेत्यांना ही समजूत लाभदायक असल्यामुळे ती दूर करण्याची तसदी ते घेतील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ साली लायका हा लहानसा कॅमेरा हाती घेतला, आणि पुढील कित्येक दशके त्याचे बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या एका साध्या लेन्सवर भागले. मेगापिक्सेलची मातबरीही अशीच फुगवलेली आहे. इंचाला ३०० ठिपके या उत्तम प्रतीच्या हिशेबाने ८ बाय १२ इंचांचा प्रिंट काढला, तरी त्याला ८६ लाख ४० हजार बिंदू पुरतात, म्हणजे पुरते ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत.

लेन्सविषयीचा एक गैरसमज मात्र जाणत्यांच्या वर्तुळातही बिनदिक्कत नांदत असल्यामुळे त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे इष्ट होईल. टेलिफोटो लेन्स जवळच्या आणि दूरच्या वस्तूंमधील अंतर दाबते, वाइड लेन्स ते ताणते, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः वस्तूंचे परस्परप्रमाण ठरते ते छायाचित्रकार कोठे उभा आहे यावरून, आणि केवळ त्यावरूनच. सारख्या उंचीची दोन माणसे एकामागे एक, मीटरभर अंतर राखून उभी आहेत असे समजा. पुढच्या माणसापासून आपण १ मीटरवर उभे राहिलो, तर मागचा २ मीटरवर येतो आणि चित्रात पुढच्याच्या निम्मा दिसतो. तेच पुढच्यापासून १० मीटर दूर सरलो, तर ही अंतरे १० आणि ११ मीटर होतात आणि दोघांच्या आकारांत जेमतेम ९ टक्क्यांचा फरक उरतो. लेन्सने येथे काहीच केलेले नसते. समोरच्या दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यावयाचा, एवढाच तिचा अधिकार. हात लांब करून फोनवर स्वतःचे चित्र काढताना नाक अवाजवी मोठे दिसते, त्याचाही दोष फोनकडे नसून हाताच्या लांबीकडे जातो. तेव्हा झूम फिरवण्यापूर्वी पाय हलवावेत, चार पावले पुढे जाऊन, मागे येऊन, गुडघे टेकून पाहावे, आणि जागा पक्की ठरल्यावर मगच लेन्सचा विचार करावा.

‘रूल ऑफ थर्ड्स’ या नियमाला तर हल्ली फर्मानाची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून त्या रेषांवरच मुख्य वस्तू बसवावी, असे नवशिक्याला प्रथम पढवले जाते, आणि फोनच्या पडद्यावर त्या रेषा आयत्या आखूनही मिळतात. या नियमाचे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात प्रथम योजले, म्हणजे दागेअर या फ्रेंच संशोधकाच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा होण्याच्या ४२ वर्षे अगोदर. आणि त्याचा रोख होता तो निसर्गचित्रात भूमी आणि आकाश, प्रकाश आणि छाया यांनी किती जागा व्यापावी यावर. एका चित्रकाराने केलेली ती उपयुक्त सूचना होती. शांत पाण्यातील प्रतिबिंब किंवा थेट आपल्याकडे रोखून पाहणारा चेहरा चौकटीच्या मधोमधच शोभतो, आणि तेथे तृतीयांशाचा आग्रह धरणे हा निव्वळ हट्ट होय.

भर दुपारी छायाचित्रण करू नये, हाही असाच एक शिरस्ता. दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर कठोर सावल्या पडतात हे खरे. परंतु त्याच वेळी एखाद्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला प्रकाश ओसरीतल्या माणसाला जो मऊ उजाळा देतो, तो सायंकाळी मागूनही मिळत नाही.

हललेले चित्र म्हणजे बिघडलेले चित्र, असे मानणाऱ्यांनी दागेअरने १८३८ साली पॅरिसमध्ये घेतलेले बूलव्हार द्यु ताँप्लचे दृश्य अवश्य पाहावे. फलकावर प्रकाश कित्येक मिनिटे पडत राहावा लागत असल्यामुळे त्या गजबजलेल्या रस्त्यावरची सारी वर्दळ चित्रातून पुसली गेली, आणि बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा ठळकपणे टिकला. आज शटरचा वेग आपल्या हाती आहे. नाचती दिंडी १/१००० सेकंदात गोठवावी की १/१५ सेकंदात तिची लय उमटू द्यावी, हा निर्णय यंत्रावर सोपवणे म्हणजे आपला हक्क आपण होऊन सोडून देणे होय.

आणखी एक सार्वत्रिक तक्रार अशी, की आमच्या गावात टिपण्याजोगे काही नाही. प्राग शहरातील छायाचित्रकार योसेफ सुदेक याने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. आणि शहर जर्मन अंमलाखाली असताना, १९४० साली, त्याने आपल्या लहानशा लाकडी स्टुडिओच्या खिडकीचीच चित्रे काढण्यास आरंभ केला. काचेवर जमलेले दव, हिमाची नक्षी, ओघळणारे थेंब आणि त्यांच्यापलीकडे अंगणातील एक वाकडे झाड, एवढ्याच सामग्रीवर त्याने १९५४ पर्यंत ही मालिका चालवली, आणि त्याच्या सर्वांत नावाजलेल्या कामांत तिची गणना होते. आपल्याकडेही, एके काळी गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी, चित्रपटासाठी भांडवलदारांची खात्री पटवावी म्हणून १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढत्या रोपाच्या एकेक चौकटी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. विषय मुठीत मावणारा होता. दुर्मीळ होती ती चिकाटी.

राहता राहिला तो शुद्धतावाद्यांचा कज्जा. चित्र जसे निघाले तसेच दाखवावे, त्यावर नंतर केलेला कोणताही संस्कार म्हणजे लबाडी, असे त्यांचे म्हणणे. वृत्तपत्रीय छायाचित्रापुरते त्यात पुष्कळ तथ्य आहे. तेथे चित्र हा दस्तऐवज असतो, आणि त्यातून माणूस नाहीसा करणे किंवा त्यात नवा बसवणे याला बनावटीखेरीज दुसरे नाव नाही. परंतु कडा कापण्यास कडवा विरोध करणाऱ्या कार्तिए-ब्रेसाँचे सर्वांत प्रसिद्ध चित्र, सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी घेणारा मनुष्य, हे कुंपणाच्या फटीतून घेतलेले असल्यामुळे त्याची कड कापूनच छापावे लागले. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला आणि स्मशानातील क्रूस मावळतीच्या उन्हात उजळलेले त्याने पाहिले, तेव्हा प्रकाशमापक त्याला सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला मुखोद्गत होती, तीवरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन गेले. मूळ निगेटिव्हवरून सरळ काढलेल्या प्रिंटमध्ये आकाश बरेच उजळ होते. पुढे १९४८ मध्ये त्याने त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक संस्कार केला, आणि वर्षानुवर्षे नवनवे प्रिंट काढताना आकाश उत्तरोत्तर काळे करीत नेले. त्या एका निगेटिव्हपासून त्याने आयुष्यात १,३०० हून अधिक प्रिंट स्वतः काढले.

वाचकांपैकी ज्यांच्या फोनमध्ये न पाहिलेल्या चित्रांचे दप्तर साचले आहे, त्यांनी नवा कॅमेरा घेण्याची तजवीज करण्यापूर्वी त्यातील एकच चित्र निवडावे, ते एकदा काळोखे, एकदा उजळ, एकदा कडा कापून असे निरनिराळ्या तऱ्हांनी कागदावर छापून घ्यावे, आणि ते प्रिंट आठवडाभर भिंतीवर लावून, कोणता ठेवावयाचा ते मग ठरवावे.