पेठेची अकरा पोरं

शिवाजी तरुण आणि पाटाकडीलची मॅच असली की दुपारी तीननंतर कोल्हापुरातली काही दुकानं नुसती नावाला उघडी असतात. मालक गल्ल्यावर असतो, गिऱ्हाईकही असतं, पण माल काढून देणारा पोरगा गायब असतो. विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळतं, ‘मॅच’. कुणाची आणि कुठं, हे विचारणारा माणूस बाहेरगावचा, एवढं लगेच कळतं.

त्या बाहेरगावच्या माणसाला पहिला चकवा संघांच्या नावांचा बसतो. फुटबॉल संघ म्हटल्यावर युनायटेड, सिटी, रोव्हर्स अशी काहीतरी नावं डोक्यात असतात. इथं मात्र यादी सुरू होते ती पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ अशी. त्यात एक उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ‘प्रासादिक’ हा शब्द एरवी भजनी मंडळाच्या पाटीवर शोभायचा. तो अंगावर घेऊन कॉर्नर किक मारणारा संघ जगात दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. प्रॅक्टिस क्लब हे एक इंग्रजी वळणाचं नाव यादीत आहे खरं, पण तेही या मातीत इतकं मुरलंय की कुणाला ते परकं वाटत नाही.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, भिंतीला टेकवलेल्या जोड्या आणि करेला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर तसंच काही आपल्याकडं असावं असं त्यांच्या मनात आलं आणि १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पण खासबाग ही मोठी लढत दाखवायची जागा. रोजचा घाम गळायचा तो पेठापेठांतल्या तालमींत. पेठेतला पोरगा मिसरूड फुटायच्या आत तालमीत जायचा आणि मल्ल झाला नाही तरी तालमीचा मात्र होऊन जायचा. पुढं याच तालमींच्या दारात चेंडू आला. हौदा आत राहिला, चेंडू बाहेरच्या रस्त्यावर खेळू लागला आणि दोघांचा मालक एकच राहिला, पेठ.

म्हणून या संघांना क्लब म्हणताना मला थोडं अडखळायला होतं. क्लबात माणूस सभासद होतो. तालमीत तो जन्माला येतो. हेच मंडळ भाद्रपदात गणपती बसवतं, शिवजयंतीची मिरवणूक काढतं, मोहरमला पंजे बसवतं. बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजा एका छताखाली असतात आणि दोन्ही सण एकाच वेळी आले की तिथं पाहायला गर्दी होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उतरलेली पोरंही पेठांतल्या मंडळांचीच. फुटबॉल हा या पसाऱ्यातला एक खण आहे, आणि सगळ्यात जास्त आवाज करणारा.

या विखुरलेल्या पेठांना एका मैदानावर आणलं ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं. गावाच्या तोंडी ती ‘केएसए’. स्थापना १९४० ची, संस्थानी काळातली, आणि छत्रपती घराण्याचा हात तिच्या पाठीवर आजही आहे. छत्रपती शाहू स्टेडियम हे तिचं घर. पावसाळा सरून थंडी पडू लागली की खेळाडूंची नोंदणी होते, आणि ते दिवस मॅचइतकेच गरम असतात. कुणी कुठल्या संघाची जर्सी सोडली, कुणाला कुणी पळवलं, यावर चहाच्या गाड्यांवर खल चालतो. वरिष्ठ गटात सोळा संघ, आधी साखळी लीग, मग एकामागून एक चषक. साखळीत तळाला गेलेल्या संघाला खालच्या गटात उतरावं लागतं आणि ते दुःख पेठेला वर्षभर पुरतं. उन्हाळ्याच्या शेवटी वळीव कोसळेपर्यंत हे चालतं.

खेळणारी पोरं कोण? कुणी उद्यमनगरात लेथवर, कुणी शिरोलीच्या फौंड्रीत, कुणी गुजरीत सोनाराकडं, कुणी अजून कॉलेजात. सकाळी सराव, दिवसा काम, चारला मॅच. सुट्टी मिळाली नाही तर पोटात दुखतं, हे कारण मालकालाही पाठ असतं. मालक त्याच पेठेतला असेल तर तोच आधी जाऊन गॅलरीत बसलेला असतो. मैदानाचं तिकीट मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त, त्यामुळं त्यावर संघ पोसला जात नाही. संघ चालतो तो वर्गणीवर, जुन्या खेळाडूंच्या खिशावर आणि एखाद्या हौशी व्यापाऱ्याच्या उदारपणावर. बूट कुणी दिले, सकाळची अंडी आणि केळी कुणी पुरवली, गुडघा फिरलेल्या पोराचं ऑपरेशन कुणी केलं, हे हिशेब कुठल्या वहीत सापडायचे नाहीत. पण पेठेतल्या म्हाताऱ्यांना ते तोंडपाठ असतात.

आता ईर्षा. कोल्हापुरात हा शब्द मत्सराच्या अर्थानं वापरत नाहीत. ‘ईर्षेनं खेळला’ ही इथं शाबासकी आहे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यामध्ये चालत गेलं तर काही मिनिटांचं अंतर, पण मॅचच्या दिवशी मध्ये समुद्र असल्यासारखं वाटतं. एकीकडं शिवाजी तरुण, दुसरीकडं पाटाकडील, म्हणजेच ‘पीटीएम’. गॅलरीत प्रत्येकाचा आपला कोपरा ठरलेला. हलगी, घुमकं, पिपाण्या, आणि समोरच्यांच्या घराण्याचा उद्धार. यात सोयरीकही असते. बहीण दिलेली पेठ समोर बसलेली असते आणि भाऊजी तिकडून हात वर करून ओरडत असतात. त्या नव्वद मिनिटांत नातं ओळखायचं नाही, असा अलिखित करार.

हा करार प्रत्येक वेळी पाळला जात नाही. दगड आले, बाटल्या आल्या, मैदानातली ढकलाढकली रस्त्यावर गेली, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, पोरांवर गुन्हे दाखल झाले, असं अनेकदा घडलंय. मग बैठका होतात, मंडळांकडून हमी घेतली जाते, काही दिवस शांतता. मूठभर हुल्लडबाजांमुळं खेळ बदनाम होतो, असं दर वेळी छापून येतं. मला हे अर्धंच खरं वाटतं. ज्या घट्टपणामुळं पगार नसताना पोरगा पहाटे उठून धावायला जातो, तोच घट्टपणा गॅलरीत दगड उचलतो. एक ठेवून दुसरं काढायची युक्ती केएसएला सापडलेली नाही, पोलिसांनाही नाही.

चषकांची नावं वाचली तर गावाचं राजकारणही कळतं. महापौर चषक, अटल चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक. मैदानावर सगळा मतदार एका जागी सापडतो, हे पुढाऱ्यांनी केव्हाच ओळखलं. पण पुढारी आणि मैदान हे नातं दर वेळी वरवरचंच असतं असंही नाही. २०१९ साली कोल्हापूर उत्तरमधून आमदार झालेले चंद्रकांत जाधव हे स्वतः जुने फुटबॉलपटू होते. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तसा ‘हौशी’ हा शब्द मात्र ढिला पडत गेला. चांगल्या खेळाडूला मानधन सुरू झालं, आणि नायजेरियासारख्या देशांतून आलेले खेळाडूही तालमींच्या जर्सीत दिसू लागले. आफ्रिकेतून आलेला उंचापुरा फॉरवर्ड कट्ट्यावर बसून मिसळीचा कट झेपतोय का बघतोय आणि भोवती पेठ कौतुकानं जमलीय, हे दृश्य मजेचं. पण त्यानं गोल मारल्यावर जुना माणूस टाळी वाजवून हळूच म्हणतो, ‘आपला पोरगा बाकावर बसलाय की रं.’

आणि आपल्या पोराचं पुढं काय होतं? २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा यजमान संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारत ०-३ हरला, तरी इथं गल्लीगल्लीत टीव्हीपुढं गर्दी होती. पण अनिकेत लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. देशासाठी खेळायचं तर पेठ लवकर सोडावी लागते. पेठेत राहिलेला पोरगा शाहू स्टेडियमचा राजा होतो, आणि पंचगंगा ओलांडली की त्याला कुणी ओळखत नाही. त्याला याची फार खंत असते असंही दिसत नाही. बायकांच्या फुटबॉलची वाट वेगळी. भारतीय महिला लीगच्या २०१७-१८ च्या हंगामाची पात्रता फेरी याच गावात झाली आणि पुढच्या हंगामात एफसी कोल्हापूर सिटी हा संघ त्या लीगमध्ये उतरला. त्या संघाच्या नावात तालीम नाही, हे ध्यानात येण्यासारखं. पेठेच्या मंडळात पोरींना अजून दार पुरतं उघडलेलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनानं विश्वचषक जिंकला त्या रात्री कोल्हापूर रस्त्यावर होतं, जणू मेस्सीची आजी इथलीच. पण आठवडा उलटला आणि चहाच्या गाडीवर मेस्सी मागं पडला. विषय होता परवाच्या मॅचमधला ऑफसाइड. पंचांना दिसला नव्हता, गाडीवरच्या सहाही जणांना दिसला होता. त्यांतले तिघं त्या दिवशी स्टेडियमवर गेलेच नव्हते.