किड्यांनी दिलेली साक्ष

पॅरिसच्या उत्तरेला काँपिएन्य नावाचं गाव आहे. 2019 मध्ये तिथल्या एका वृद्ध बाईंनी राहतं घर सोडायचं ठरवलं आणि सामानाची किंमत करायला फिलोमेन वोल्फ या लिलावतज्ज्ञ आल्या. घर रिकामं व्हायला जेमतेम आठवडा उरला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, शेगडीच्या अगदी वर, एक लहानशी लाकडी फळी टांगलेली होती. सुमारे 26 बाय 20 सेंटिमीटरची. सोनेरी पार्श्वभूमी, मध्ये येशू आणि त्याला घेरून त्याची विटंबना करणारा जमाव. घरच्यांना वाटे, असेल एखादी जुनी रशियन देवाची तसबीर. ती घरात आली कुठून, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वोल्फबाईंनी ती पॅरिसचे चित्रतज्ज्ञ एरिक तुर्कँ यांच्याकडे नेली.

तिथे निष्कर्ष निघाला: हे चित्र चिमाबुएचं आहे, साधारण 1280 मधलं.

चिमाबुए म्हणजे इटालियन चित्रकलेच्या उगमाशी उभा असलेला माणूस. त्याच्याआधीच्या बायझंटाईन धाटणीतले देव आणि संत ताठ, दूरस्थ. चिमाबुएच्या हाताखाली त्यांच्या चेहऱ्यांवर भाव आले, शरीरांना वजन आलं. त्याच्यामागून आलेल्या चित्रकार जोत्तोची कीर्ती वाढली आणि चिमाबुएची झाकोळली, अशी नोंद दान्तेनेच आपल्या महाकाव्यात केली आहे. पण एवढ्या मोठ्या कलावंताचं, कागदोपत्री पुरावा असलेलं आणि आज शिल्लक असलेलं काम एकच आहे: पिसाच्या कॅथेड्रलमधल्या मोझेकमधली संत योहानाची आकृती, 1301-02 ची. त्याच्या नावावरची बाकीची चित्रं जाणकारांनी हात ओळखून त्याची ठरवली आहेत.

आपल्याकडे आजोबांच्या वेळचं चित्र माळ्यावरून खाली उतरलं की सगळे आधी कोपऱ्यातली सही शोधतात. रविवर्म्यांची सही दिसली की घरभर आनंद. पण 1894 मध्ये रविवर्म्यांनी घाटकोपरला शिळाछापखाना काढला आणि तिथून लक्ष्मी, सरस्वती घरोघरी गेल्या. पुढे हा छापखाना मळवलीला हलला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, वरून वार्निश. सहीसुद्धा चित्राबरोबरच छापलेली. भिंग धरलं की गालावरची सावली बारीक ठिपक्यांची निघते. कुंचल्याचा फटकारा कुठे सापडत नाही. या छापांनाही संग्राहक आहेत, त्यांची किंमत होते. पण मूळ तैलचित्राची पातळीच निराळी. 2023 मध्ये मुंबईतल्या लिलावात रविवर्म्यांचं 'यशोदा आणि कृष्ण' 38 कोटी रुपयांना गेलं.

काँपिएन्यच्या फळीवर तर सहीचा आधारही नव्हता. आधार मिळाला तो तिच्या भावंडांचा.

न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनने 1950 मध्ये येशूला फटके मारतानाचं एक छोटं चित्र घेतलं होतं. ते चिमाबुएचं की दुच्चो या चित्रकाराच्या वर्तुळातलं, यावर अभ्यासकांचा वाद बरीच वर्षं चालला. मग 2000 साली इंग्लंडमध्ये, सफकमधल्या एका जुन्या वाड्यात, वारशाच्या सामानात मेरी आणि बाळ येशूचं तेवढ्याच आकाराचं चित्र सापडलं. वारसा कराच्या मोबदल्यात ते सरकारजमा होऊन लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेलं. दोन्ही चित्रं एकाच मोठ्या रचनेचे तुकडे आहेत हे लक्षात आलं आणि न्यूयॉर्कच्या चित्राचा कर्ताही पक्का झाला. एका घरात सापडलेल्या चित्रामुळे समुद्रापलीकडच्या चित्राला बाप मिळाला!

काँपिएन्यची फळी या जोडीशी ताडून पाहिली गेली. लाकूड तेच, पॉप्लर. सोन्याच्या वर्खावर कडेने दाबून उठवलेल्या ठिपक्यांची नक्षी जुळली. आणि मग माझा सर्वात आवडता पुरावा. मागच्या बाजूला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भोकं होती. भुंगेऱ्याची अळी लाकडाच्या आत वर्षानुवर्षं खात, वळणं घेत पुढे सरकते आणि मागे बोगदा राहतो. तो बोगदा कुणाला हुबेहूब काढता यायचा नाही. त्यात ना हेतू असतो ना आराखडा. फळी अखंड असताना अळ्यांनी ती पोखरली. नंतर कोणीतरी, बहुधा सुटे तुकडे विकायला सोपे म्हणून, करवतीने ती कापली. बोगदेही मध्येच तुटले. तुकडे शेजारी कल्पून पाहिल्यावर एकातला बोगदा दुसऱ्यात पुढे चालू असलेला दिसला. खोटी सही करता येते, जुना रंग मिळवता येतो, बनावट पावतीही तयार होते. पण शेकडो वर्षांपूर्वीच्या अळीची वाट कोण जुळवणार?

म्हणूनच जुन्या चित्राची पाठ पुसू नये, घासू नये, नव्या पुठ्ठ्याने झाकू नये. चौकटवाल्याची चिठ्ठी, जुना क्रमांक, खिळ्यांच्या खुणा, किड्यांची भोकंसुद्धा तशीच राहू द्यावीत.

ऑक्टोबर 2019 मध्ये सांलिस गावी लिलाव झाला. अंदाज होता 40 ते 60 लाख युरोंचा. शुल्क धरून आकडा गेला 2 कोटी 40 लाखांवर. फ्रान्स सरकारने चित्राला राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर जाण्यापासून 30 महिने रोखून धरलं आणि 2023 मध्ये ते लूव्र संग्रहालयाने मिळवलं. 2025 च्या सुरुवातीला लूव्रने चिमाबुएवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिन्ही भावंडं शेजारी शेजारी लागली.

मूळ रचनेत आठ प्रसंग असावेत असं अभ्यासक मानतात. उरलेले पाच नष्ट झाले असतील, किंवा कुठल्यातरी घरात साधी जुनी तसबीर म्हणून टांगलेले असतील. त्यातला एखादा हाती आलाच, तर ताडून पाहायला आता मापं आहेत, ठिपके आहेत आणि तीन फळ्यांमधले ते अर्धवट तुटलेले बोगदे आहेत.