डिश लावली की झालं?

गणपतीत घर माणसांनी भरलं की आमच्या पडवीत दोन विषय हमखास निघतात: हायवेचे खड्डे आणि मोबाइलची रेंज. गेल्या भाद्रपदात खड्डे लवकर आटोपले, कारण ठाण्याहून आलेल्या माझ्या चुलतभावाकडे रेंजवर रामबाण उपाय होता. "ता मस्काचा इंटरनेट येतला आता. एकदा डिश लावली की झाला! ना टॉवर, ना केबल."

त्यानंतर हेच वाक्य मी एसटीत ऐकलं, सोसायटीच्या ऑफिसात ऐकलं, एका शिक्षकांकडून ऐकलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर किती वेळा वाचलं याची गणती नाही. सूर सगळ्यांचा एकच. गावात रेंज नाही, म्हणजे सॅटेलाइट इंटरनेट हवं. आणि ते आलं की खेड्यातल्या घराघराचा प्रश्न सुटला. या युक्तिवादात दोन उड्या आहेत आणि दोन्ही उड्या चुकतात. मी हे पडवीत बसून इतक्यांदा समजावलं आहे की आता लिहूनच टाकतो.

आधी पैशाचं बोलू. २०२५ संपलं तरी मस्कच्या स्टारलिंकची घरगुती सेवा भारतात सुरू झालेली नव्हती. जूनमध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, जुलैत अंतराळ नियामक इन-स्पेसची मंजुरी आली. वनवेब आणि जिओ-एसईएस या स्पर्धक कंपन्यांना परवाने त्याआधीच मिळाले होते. डिसेंबरात स्टारलिंकच्या भारतीय संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि यंत्रसामग्रीचे ३४,००० असे आकडे झळकले, बातम्या झाल्या, आणि लगोलग कंपनीनं खुलासा केला की ती चाचणीची माहिती होती, चुकून दिसली. खुलासा कोणी वाचला नाही. ते ८,६०० अजून फॉरवर्ड होतायत.

मग अंदाज कशावर बांधायचा? जुलै २०२५मध्ये दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर म्हणाले होते की सुरुवातीचा खर्च मोठा असेल आणि महिन्याला साधारण तीन हजार पडतील. शेजारच्या देशांकडे बघितलं तर हा आकडा खरा वाटतो. भूतानमध्ये स्टारलिंकची कमी वेगाची घरगुती योजना ३,००० न्गुल्त्रुमला आहे आणि नेहमीची ४,२००ला. भूतानचं चलन रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे, त्यामुळे हे आकडे थेट रुपये म्हणून वाचा. बांगलादेशात मे २०२५मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा नुसत्या संचाची किंमत ४७,००० टका होती, म्हणजे आपले तेहतीस हजार.

आता पडवीतल्या पाठकोऱ्या कागदावर मी मांडलं ते गणित. संच तेहतीस हजार. महिना तीन हजार, पाच वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. एकूण दोन लाख तेरा हजार. जिथे फायबर पोचलंय तिथे महिना पाचशेची जोडणी जीएसटीसकट याच पाच वर्षांत पस्तीस-छत्तीस हजारांत होते. भाऊ म्हणाला, माझा पगार आहे तेवढा. असेल. पण तू "खेड्यातल्या घराघराचा" प्रश्न म्हणाला होतास ना? केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. चौघांचं घर धरलं तर साडेसोळा हजार. त्यात तांदूळ, तेल, औषधं, एसटीचं भाडं, पोरांच्या वह्या, सगळं आलं. यातले तीन हजार इंटरनेटला, म्हणजे रुपयातले अठरा पैसे. कोण देणार?

इथे हमखास जिओचा दाखला निघतो. २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला, तसंच हेही सगळ्यांनी घेतलं की स्वस्त होईल. हा दाखला ऐकला की माझा संयम सुटतो, कारण इथे आडवा येतो तो व्यापार नाही, भूगोल आहे. टॉवरवाल्या कंपनीला जिथे माणसं जास्त तिथे जास्त टॉवर उभारता येतात. जमिनीपासून साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो आणि त्याचा बहुतेक वेळ समुद्रावरून जाण्यात जातो. सिंधुदुर्गावरून जाताना त्याच्याकडे जेवढी क्षमता असते तेवढीच दोन मिनिटं आधी अरबी समुद्रावर होती, फक्त तिथे ती वाया गेली. आमच्या तालुक्यापुरती ती वाढवता येत नाही. जी आहे ती त्या पट्ट्यातल्या सगळ्या डिशांनी वाटून घ्यायची. डिशा वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी. म्हणूनच त्याच मंत्र्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं की स्टारलिंकला भारतात फार तर वीस लाख ग्राहक घेता येतील. २०११च्या जनगणनेत देशात ग्रामीण कुटुंबं होती १६ कोटी ८० लाखांच्या आसपास. शहरातल्या एकानेही डिश घेतली नाही असं धरलं तरी शंभरातल्या एका घराला पुरेल एवढं हे इंटरनेट आहे.

आणि "ना टॉवर, ना केबल" हेही खरं नाही. तुमच्या डिशेतून वर गेलेला डेटा उपग्रहावरून पुन्हा खाली उतरतो तो भूस्थानकावर, आणि तिथून पुढे जातो तो फायबरनेच. केबल आहेच, फक्त तुमच्या दारात दिसत नाही.

आता राहिलेली उडी: रेंज नाही, म्हणून सॅटेलाइट. या "रेंज नाही"ची नीट चौकशी करायला कोणालाच वेळ नसतो. आमच्या घराला चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे पत्र्याची शेड. फोन माजघरात ठेवून रेंज शोधायची आणि टॉवरला शिव्या घालायच्या. मी भावाला दोन सिमं घेऊन परसात फिरायला लावलं. माजघरात शून्य, खळ्यात एक काडी, गोठ्यामागच्या चढावर तीन. तिसऱ्या कंपनीचं सिम शेजाऱ्यांकडून आणलं, तर तिथेच चार. अशा जागी खांबावर बाहेरचा फोरजी राउटर बसवला, वीज आणि डेटा दोन्ही एकाच वायरीने घरात आणले, तर पाच-सात हजारांत काम होतं. (बाजारात "सिग्नल बूस्टर" म्हणून डबे मिळतात, ते घेऊ नका. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदा आहे आणि त्याने आख्ख्या वाडीची रेंज बिघडू शकते.) खरोखरच कुठलीच रेंज नसलेली गावं आहेत, नाही असं नाही. २०२२मध्ये केंद्राने फोरजी पोचवण्यासाठी २४,६८० गावांची योजना मंजूर केली ती अशाच गावांसाठी. पण माझ्याशी वाद घालणाऱ्या दहांपैकी आठ जणांचं गाव त्या यादीतलं नसतं. त्यांच्या गावात टॉवर असतो. वीज गेली की त्याची बॅटरी तासा-दोन तासांत बसते. किंवा ग्रामपंचायतीत सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर आलेली असते आणि कपाटामागच्या पेटीवर लाल दिवा लागलेला असतो. आमच्याकडचा दिवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली तेव्हापासून लाल आहे. तक्रार दिली, पोच मिळाली, पोचेला आता दोन पावसाळे झाले. भारतनेटच्या सुधारित योजनेला २०२३मध्ये १,३९,५७९ कोटी मंजूर झाले, त्यातला एक हेतू तुटलेली फायबर लवकर जोडली जावी हाच आहे. मला विचाराल तर आकाशाकडे बघण्याआधी त्या लाल दिव्यासाठी ग्रामसभेत उठून बोलणं जास्त कामाचं.

एवढं सांगूनही भावाचं समाधान होईना, म्हणून आम्ही माळ्यावर चढलो. स्टारलिंकच्या अ‍ॅपमध्ये डिश न घेताही आकाश तपासता येतं. फोन वर धरायचा, सावकाश सगळीकडे फिरवायचा, आणि आकाशाचा कुठला भाग झाकलेला आहे ते अ‍ॅप लाल रंगात दाखवतं. उपग्रह एका जागी उभे नसतात, एक मावळला की दुसरा धरायचा असतो, म्हणून डिशेला वरचं आकाश चहूबाजूंनी मोकळं लागतं. आमचं आकाश जवळजवळ सगळं लालच निघालं. पूर्वेला चार माड, पश्चिमेला रायवळ आंबा आणि बरोबर मध्ये, घरावर छत्रीसारखा, फणस. माडाची झावळी वाऱ्याने हलली तरी मीटिंग मध्येच तुटणार. भाऊ फणसाकडे बघत काही बोलणार, तोच खालून काकी म्हणाली, "फणसाक हात लावशीत तर बघ!" डिशेची किंमत सांगणारी कुठलीही जाहिरात या काकीचा हिशेब धरत नाही.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत, पटापट उरकतो. हे इंटरनेट थेट मोबाइलमध्ये येणार? घरगुती सेवा डिश आणि राउटरमधून येते. मोबाइलला थेट उपग्रह हा वेगळा प्रकार आहे. विजेचा खर्च नगण्य? नेहमीच्या संचाला सरासरी पाऊणशे वॅट धरा, दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला ५४ युनिट, आणि लाइट गेली की इन्व्हर्टर असेल तरच चालणार. पावसाने काही होत नाही? घरच्या डीटीएचचं मुसळधार पावसात काय होतं ते आठवा. दोन्ही केयू बँडवरच चालतात, फक्त इथे दुसरा उपग्रह धरता येत असल्याने खंड थोडा कमी. उपग्रह म्हटला की संभाषण अडखळणारच? ते ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहांबाबत खरं, तिथे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. साडेपाचशे किलोमीटरवर ही अडचण उरत नाही. ही मस्कनी आणलेली नवी कला? ग्रामीण बँकेच्या छपरावरची पांढरी तबकडी काय करते वाटतं तुम्हाला? "लिंक नाही" हे वाक्य आपण तिच्याच कृपेने शिकलो. आणि सरकार फुकट देणार? दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५च्या शिफारशींत दुर्गम ग्रामीण भागातल्या संचांना अनुदान द्यावं असं सुचवलं आहे. शिफारस म्हणजे अनुदान नव्हे.

मग हे कोणाच्याच उपयोगाचं नाही का? आहे, आणि फार आहे, पण एकेका घराच्या नाही. ५ नोव्हेंबर २०२५ला महाराष्ट्राने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम ही नावं आली. यातलं गडचिरोलीचं कारण भामरागडला एक पावसाळा काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचं ठिकाण जगापासून तुटतं. अशा जागी आरोग्य केंद्राच्या छपरावर डिश असेल आणि डॉक्टरला तज्ज्ञाशी बोलता येत असेल, तर महिना तीन हजार म्हणजे काहीच नाही. आश्रमशाळेत दोनशे मुलांत वाटले तर डोई पंधरा रुपये. रेशन दुकानाच्या मशीनसाठी टेकडी चढणाऱ्या सातपुड्यातल्या पाड्यांचं तेच. कोकणातही मी एका ठिकाणी हट्टाने डिश मागेन: ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आदळलं तेव्हा खांब पडले, टॉवर मुके झाले, आणि मुंबईतल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत की नाही ते कळेना. अशा वेळी ग्रामपंचायतीत इन्व्हर्टरवर चालणारी एक डिश असती तर! पण ती पंचायतीच्या नावावर हवी. घरगुती योजनेतलं इंटरनेट शेजाऱ्याला विकायला कंपन्या सहसा देत नाहीत, तेव्हा "एक घेऊ, दहा घरं वाटून घेऊ" या बेतालाही हिशेबात धरू नका.

भावाने शेवटी गोठ्यामागे जीआय पाइप रोवला, त्यावर राउटर चढवला आणि चाळीस मीटर वायर घरात आणली. सिमची रोज दोन जीबीची मर्यादा मीटिंगांनी दुपारीच संपते, म्हणून दुसरं सिम घ्यावं लागलं, तेही सांगायला हवं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री वीज गेली आणि तीन तासांनी टॉवरही बसला. सकाळी सड्यावर चढून, तिसऱ्याच कंपनीच्या रेंजवर, त्याने मला मेसेज केला: "त्या डिशेचा काय म्हणत होतंस?"