छोट्या जनरेटरवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना

शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आता इलेक्ट्रिक गाड्यांवरही लोक येतात. लाइन गेली की प्रश्न पडतो, मंडपवाल्याकडचा छोटा पेट्रोल जनरेटर आहे, त्यावर गाडी लावू का? लावता येते. पण आधी जरा गणित करू.

तुमच्या चार्जरवर समजा ६७ व्होल्ट, ६ अँपिअर लिहिलंय. गुणाकार केला की साधारण ४०० वॅट. लोक इथेच थांबतात. हे ४०० वॅट बॅटरीत जाणारे आहेत. चार्जर तापतो ना, तीही वीज जनरेटरच देतो, म्हणजे झाले ४६० च्या आसपास. शिवाय स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या घरात असतो. ४६० भागिले ०.६ केलं की पावणेआठशे व्होल्ट-अँपिअर येतात! एक केव्हीएचा जनरेटर एवढ्यातच भरत आला. त्यावर आणखी हॅलोजन लावायचा नाही. आणि साडेसातशे वॅटचा चार्जर असेल, तर एक केव्हीएचा विचारच सोडा, दोन केव्हीए घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिन चालू करा, दोन-चार मिनिटं चालू द्या, आवाज एकसारखा झाला की मग चार्जर लावा. बंद करताना उलट, आधी चार्जर काढा. पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका. शेवटी इंजिन गचके खातं, व्होल्टेज वरखाली होतं आणि बिचारा चार्जर जातो. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर मिळाला तर उत्तमच, त्याची वीज बरीच स्थिर असते. तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा करू नका.

आता जिवाचं बोलू. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस झोपतो आणि उठत नाही. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर ओसरीत किंवा अर्ध्या शटरच्या दुकानात ठेवणं, यात हेच होतं. दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर ठेवा. वर पत्रा चालेल, चारी बाजू मोकळ्या पाहिजेत.

दुसरा जीव लाइनमनचा. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटात घुसवतात. ती मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीवर चढून व्होल्टेज वाढतं, आणि लाइन बंद आहे समजून तारेला हात लावणारा माणूस जातो. लाइन अचानक आली तर जनरेटरही जळतो. गाडीचा चार्जर थेट जनरेटरच्याच सॉकेटात लावा. एक्स्टेंशन जाड तारेचं घ्या, पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळी तापते.

मागून एकांनी विचारलं, परवडतं का? छोटा जनरेटर एक लिटर पेट्रोलवर दीड-पावणेदोन युनिट वीज देतो. दोन युनिटची बॅटरी पूर्ण भरायला नुकसान धरून दीड लिटर तरी जाईल. तेवढ्यात पेट्रोलची स्कूटर साठ-पासष्ट किलोमीटर पळाली असती! म्हणून अडल्यावेळी घरी पोचण्यापुरतं, अर्धा-पाऊण तास चार्ज करा, बाकी लाइन आल्यावर.