पातोळ्यांचा नैवेद्य

चरितार्थासाठी कोकणातील कित्येक माणसे मुंबईस, तर काही आखाती देशांत जाऊन राहिली आहेत. गणेशचतुर्थी जवळ आली, की ज्याला रजा मिळते तो गावाची वाट धरतो. मोदक तर परदेशातही करता येतात. मग एवढा प्रवास कशासाठी? या दिवसांत घरोघरी होणाऱ्या पातोळ्या पाहाव्यात. हळदीच्या ओल्या पानावर तांदळाचे कालवलेले पीठ पसरतात, त्यावर गूळखोबऱ्याचे चून घालून पान दुमडतात आणि वाफेवर उकडतात. वाफेबरोबर पानाचा सुगंध पातोळीत उतरतो व पानाच्या शिरा तिच्यावर उमटतात. पावसाळ्यात परसात वाढलेले हे पान खुडल्यावर लवकरच कोमेजते. वृद्ध आईचा आग्रह आणि भावंडांची पंगत तर डब्यात भरून धाडताच येत नाही. त्यासाठी घरीच यावे लागते.