विश्लेषण : नगरच्या आधीचे भिंगार... उपनगरांचा इतिहास कोण जपते?

नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, म्हटले की भुईकोट किल्ला आठवतो. पंडित नेहरूंसह काँग्रेसचे नेते १९४२ ते १९४५ या काळात तिथे स्थानबद्ध होते, हेही अनेकांना ठाऊक असते. पण किल्ल्याला खेटून असलेले भिंगार शहराहूनही जुने आहे. अशा उपनगरांचा भूतकाळ कुठे सापडतो, तो कोण सांभाळते आणि घरातल्या जुन्या कागदांचे काय करावे, याविषयी...

भिंगार शहराआधीचे कसे?

मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगार परिसरात बहामनी फौजेचा पराभव केला. हाच दिवस आज शहराचा स्थापना दिन म्हणून साजरा होतो. नव्या शहराची उभारणी मात्र त्यानंतर, १४९४च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे लढाई झाली तेव्हा भिंगार होते, नगर नव्हते. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, लष्कराची छावणी वसली आणि भिंगारची ओळख छावणीशी जोडली गेली. इथल्या पोलीस ठाण्याचे नाव आजही ‘भिंगार कॅम्प’ असेच आहे.

आसपासच्या गावांचा वाटा काय?

निजामशाहीत शहराला पाणी बाहेरून येत असे. कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा गावांच्या शिवारातून जमिनीखालच्या खापरी नळांनी ते हौद आणि महालांपर्यंत पोहोचवले जाई. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये या नळयोजनांची गावांच्या नावांनिशी नोंद आहे. प्लॉटिंग, रस्ते आणि पाया खोदताना असे अवशेष सहज नाहीसे होऊ शकतात. वास्तू निदान डोळ्यांना दिसते. नळ कुठून गेला होता, हे नोंद नसेल तर कुणालाच कळत नाही.

मग हे सारे कुठे जपले जाते?

जिल्ह्यासाठी महत्त्वाचे ठिकाण म्हणजे शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र. १९६० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे मूर्ती, शस्त्रे, नाणी, हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. सुमारे २०० फूट लांबीची जन्मपत्रिका हे तिथले आकर्षण. पेशवाईतील सरकारी कागदांसाठी मात्र पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर गाठावे लागते.

घरच्या कागदांना एवढे महत्त्व का?

राजा आणि लढाया सरकारी दफ्तरात सापडतात. वाडा कुणाचा, विहीर कुणी बांधली, बलुत्याचा वाद कसा मिटला, हे बहुतेक वेळा खासगी बाडांत असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून अशीच दफ्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत ती छापली. आज अडचण आहे लिपीची. मोडी वाचणारे थोडे उरले, त्यामुळे वारसांना कागद म्हणजे निरुपयोगी गठ्ठा वाटतो आणि वाडा पाडताना तो रद्दीत जातो.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे किंवा कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखित आणि दस्तऐवजांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी विकता वा नेता येत नाहीत. मूर्ती, चित्रे अशा ठरावीक प्रकारांची नोंदणीही बंधनकारक आहे. जमिनीत ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

हा विषय आताच का?

छावण्यांमधील नागरी वस्ती स्थानिक पालिकांकडे सोपवण्याचे धोरण केंद्राने २०२३ मध्ये पुढे आणले. असा कारभार बदलला की घरपट्टी, जन्म-मृत्यू, जमिनींची जुनी रजिस्टरेही हलतात. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ नुसार असे अभिलेख ठरलेल्या पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाहीत. तरीही स्थलांतरात गहाळ होण्याची भीती असतेच. हस्तांतर होताना यादी करूनच रजिस्टरे देणे-घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

घरात जुने कागद असतील तर?

लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. ओल आणि वाळवीपासून दूर, सुती कापडात ठेवावेत. आधी मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो काढावेत. कागद कुणाचे, कोणत्या गावचे, कुठे सापडले हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे, कारण ठिकाण माहीत नसलेल्या वस्तूचे अभ्यासातील मोल घटते. संग्रहालयाला देताना यादीसह पोच घ्यावी. मूळ कागद द्यायचे नसतील, तर निदान प्रत द्यावी. भिंगार, सावेडी, केडगावचा इतिहास पुढे कुणाला लिहायचा झाला, तर त्याच्या हाताशी काय असेल, हे आज माळ्यावरचा गठ्ठा कुठे जातो त्यावर ठरणार आहे.