तुटलेला लगाम

आमच्या मुर्री गांवीं चार वर्षांपूर्वीं एक तरुण आंब्याच्या झाडावरून पडला. तो आमचा जुना विद्यार्थी. धांवत गेलेल्या मंडळींनीं हातपाय धरून त्यास उचललें व खाटेवर घातलें. त्या मंडळींत आम्हीही होतों. कणा दुखावलेल्या मनुष्यास असें उचलल्यानें मज्जारज्जूस आणखी इजा होऊं शकते, हें आम्हांस मागाहून कळलें. तेव्हांपासून त्याचे पाय निश्चल आहेत. परवां त्यानें वर्तमानपत्राचें एक कात्रण पुढें करून विचारलें, “गुरुजी, हें माझ्यासाठीं आहे काय?”

कठोपनिषदांत देहास रथाची, बुद्धीस सारथ्याची व मनास लगामाची उपमा दिली आहे. या व्याधींत सारथी शाबूत, घोडेही शाबूत. मधला लगाम तेवढा तुटलेला. मेंदूची आज्ञा विजेच्या सूक्ष्म लहरींच्या रूपानें मज्जारज्जूवाटे स्नायूंकडे जाते. विजेचा व स्नायूंचा हा संबंध इटलींतील गॅल्व्हानी यानें बेडकांवर प्रयोग करून १७९१ सालीं प्रसिद्ध केला होता. आतां त्याच विजेचा नवा लगाम विद्वानांनीं सिद्ध केला आहे.

गेर्ट-यान ओस्काम हा डच गृहस्थ २०११ सालीं सायकलच्या अपघातांत मानेस इजा होऊन पांगळा झाला. स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ग्रेग्वार कूर्तीन व शस्त्रवैद्य जोसलीन ब्लॉक यांनीं त्याच्या मेंदूच्या आवरणावर दोन चकत्या बसविल्या. प्रत्येकींत ६४ विद्युदग्रें. कंबरेच्या भागीं मज्जारज्जूवर १६ विद्युदग्रांची पट्टी बसविली. ‘पाऊल उचलावें’ असें त्याच्या मनांत येतांच चकत्या त्या लहरी टिपतात, संगणक त्यांचा अर्थ लावतो व पट्टी योग्य स्नायूंस चेतविते. मे २०२३ मध्यें ‘नेचर’ नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो गृहस्थ चालला, जिना चढला. पुढें तर यंत्र बंद असतांही कुबड्यांच्या आधारानें पावलें टाकूं लागला.

परंतु त्याच्या मज्जारज्जूचे कांहीं तंतू शाबूत होते, आणि हा उपाय अद्याप प्रयोगावस्थेंत आहे. खोटी आशा लावणें हें गुरूचें काम नव्हे. म्हणून आम्हीं त्या तरुणास म्हटलें, “बाळ, आज नाहीं. पण लगाम येईल त्या दिवशीं घोडे जिवंत हवेत.”

सांधे आखडले, पाठीस क्षतें पडून विषार झाला, तर कुशल शस्त्रवैद्यही हतबल होईल. त्याच्या घरीं दिवसां आई व वहिनी, रात्रीं थोरला भाऊ, दर दोन तासांनीं त्याची कूस बदलतात. टांचा, खुबे व माकडहाड तपासतात. प्रत्येक सांधा रोज हलवितात. एकत्र कुटुंबाचा याहून मोठा उपयोग आम्हीं पाहिला नाहीं. आतां विदर्भ एक्सप्रेसनें त्यास मुंबईस, हाजीअली येथील १९५५ सालीं स्थापन झालेल्या पुनर्वसन संस्थेंत दाखविण्याचें ठरलें आहे. सोबत आम्ही जाणार आहों.

वाचकहो, आंब्याचा मोसम दरवर्षीं येतो. कोणी झाडावरून पडल्यास त्यास ओढूं नका, बसवूं नका. मान व पाठ सरळ ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा; हलविणें भागच पडलें, तर चार-पांच जणांनीं एकदम, मान न वळूं देतां, फळीवर घ्या. आमच्या हातून जें घडलें, तें तुमच्या हातून न घडो.